काटा, तबकडी आणि काच : एका गाडीच्या डॅशबोर्डचा इतिहास



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून काही श्रोते बुचकळ्यात पडले असतील. तत्त्वज्ञानाच्या माणसाने गाडीच्या डॅशबोर्डवर तासभर काय बोलायचं? पण आपण या विषयाकडे इतिहास म्हणूनच बघणार आहोत. इतिहास फक्त तहांमध्ये आणि लढायांमध्ये नसतो. माणूस रोज ज्या वस्तूकडे बघतो, ज्या वस्तूला हात लावतो, तिच्यातही तो साठलेला असतो. अमेरिकेतला माणूस गाडीत किती वेळ घालवतो ते लक्षात घेतलं, तर डॅशबोर्ड ही त्याने आयुष्यात सर्वाधिक वेळ पाहिलेल्या वस्तूंपैकी एक ठरेल.

आपण एकच गाडी घेऊ : फोर्ड मस्टँग. काटेकोर बोलायचं तर जाणकार तिला स्पोर्ट्स कार म्हणत नाहीत, 'पोनी कार' म्हणतात. म्हणजे दिसायला स्पोर्ट्स कार, पण चार माणसं बसतील अशी आणि मध्यमवर्गाच्या खिशाला परवडणारी. आपला प्रश्न असा आहे. अशी गाडी नव्याने घडवायची वेळ येते तेव्हा तिचा आतला भाग जुन्या वळणाचा ठेवावा की आजच्या काळाचा करावा? गेली वीस वर्षं या प्रश्नावर लोक हिरिरीने भांडत आहेत. आमचं म्हणणं असं की, भांडण ज्या शब्दांत मांडलं जातं ते शब्दच तपासायला हवेत. 'जुनं' म्हणजे नेमकं कोणतं जुनं? आणि 'आधुनिक' म्हणजे खरोखर नवं का?

आधी 'डॅशबोर्ड' हा शब्दच बघा. घोडागाडीच्या काळात घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल बसणाऱ्यांच्या अंगावर येऊ नये म्हणून पुढे एक उभी फळी लावत. त्या फळीचं हे नाव. घोडा गेला, चिखल गेला, फळी मात्र राहिली. पुढे तिच्यावर तबकड्या बसल्या, मग रेडिओ बसला, आज काच बसली आहे. एखाद्या वस्तूचं मूळ काम संपतं आणि तिचं रूप मागे उरतं, ही गोष्ट लक्षात ठेवा. आज ती आपल्याला पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

मस्टँग लोकांसमोर आली १७ एप्रिल १९६४ रोजी, न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात. तिच्यामागे फोर्डचे ली आयाकोका होते. किंमत २,३६८ डॉलरपासून सुरू होत होती. पहिल्याच दिवशी सुमारे २२ हजार मागण्या नोंदल्या गेल्या आणि दोन वर्षांच्या आत दहा लाख गाड्या तयार झाल्या. महायुद्धानंतर जन्मलेली पिढी नुकती हाती पैसा घेऊन बाजारात उतरत होती. तिला वडिलांची गाडी नको होती.

आता आत डोकावू. स्वतंत्र बकेट सीट, जमिनीवरून वर येणारा गिअरचा दांडा, खाली गालिचा, हे सगळं मूळ किमतीतच मिळत होतं, आणि त्या काळी ते अप्रूपच होतं. पण समोरची तबकडी? ती फोर्डच्याच फाल्कन या साध्यासुध्या घरगुती गाडीची होती. वेग दाखवणारी एक आडवी पट्टी आणि दोन बाजूंना इंधनाचा नि तापमानाचा काटा. मस्टँगचा सांगाडाच मुळात फाल्कनवर बेतलेला होता, त्यामुळे खर्च वाचवायला पट्टीही तिथलीच उचलली. पाच गोल तबकड्यांची रचना १९६५ मध्ये जीटी प्रकारात आली आणि १९६६ मध्ये सगळ्याच मस्टँगना मिळाली. त्याच सुमारास जास्त पैसे मोजणाऱ्यांसाठी एक सजावट निघाली. सीटच्या पाठीवर धावत्या घोड्यांची उठावदार नक्षी, आणि डॅशबोर्डवर अक्रोडाच्या लाकडासारखा दिसणारा थर. लाकडासारखा दिसणारा, बरं का. लाकूड नव्हे.

म्हणजे ज्या मूळ गाडीला लोक 'अस्सल' म्हणतात, तिच्या आत पहिल्यापासून तीन गोष्टी नांदत होत्या. काही भाग उसना, काही भाग युरोपीय स्पोर्ट्स गाड्यांच्या गोल तबकड्यांवरून सुचलेला, आणि काही भाग लाकडाची सरळसरळ नक्कल. अस्सलपणाचा शोध घेत मागे मागे जावं, तर तळाशीही आपल्याला एक नक्कलच सापडते.

१९६७ मध्ये आतला भाग नव्याने घडवला गेला, आणि आज 'जुन्या वळणाची मस्टँग' म्हटलं की डोळ्यांपुढे जे चित्र येतं ते तिथलं आहे. चालकापुढे एक कमान, शेजारच्या सीटपुढे तशीच दुसरी. दोन भुवया उंचावल्यासारख्या. चालकाच्या बाजूला खाली दोन मोठ्या तबकड्या, वर तीन लहान. महागड्या प्रकारात घासलेल्या ॲल्युमिनियमचा पत्रा. देखणा डॅशबोर्ड होता तो, यात वाद नाही.

पण हा डॅशबोर्ड कोणत्या काळात घडला? १९६५ मध्ये राल्फ नेडर यांचं मोटारींच्या धोकादायक रचनेवरचं गाजलेलं पुस्तक आलं. १९६६ मध्ये अमेरिकेत वाहनसुरक्षेचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९६८ पासून नवे नियम लागू झाले. अपघातात माणूस आदळतो तो याच डॅशबोर्डवर आणि स्टिअरिंगवर. म्हणून टोकदार खुंट्या जाऊ लागल्या, कडांना मऊ आवरण आलं, धडकेत दबणारा स्टिअरिंगचा दांडा आला. १९६७-६८ चं ते रूप निव्वळ सौंदर्यदृष्टीतून उतरलेलं नाही. दिखाऊपणा आणि जीव वाचवणं यांच्यातल्या ओढाताणीत ते घडलं.

आणखी एक गोष्ट. १९६७ च्या जुलैत डेट्रॉइट शहर पेटलं होतं. पोलिसांच्या एका छाप्यातून भडकलेल्या त्या उद्रेकात ४३ माणसं मेली, सैन्य बोलवावं लागलं. शहराच्या वेशीलगतच, डिअरबॉर्नमध्ये, फोर्डच्या कारखान्यात मस्टँग तयार होत होती. व्हिएतनामचं युद्ध ऐन भरात होतं. आज त्या दोन भुवयांकडे बघून 'काय सोन्यासारखे दिवस होते' असं म्हणणाऱ्याला हे सगळं दिसत नाही. दिसावं अशी त्या डॅशबोर्डची रचनाही नाही. तो काळातलं सुबक तेवढं ठेवतो, बाकीचं गाळतो.

पुढचा इतिहास आपण भराभर पाहू. १९७३ च्या तेलसंकटाच्या तोंडावर मस्टँग आकसली, पिंटो नावाच्या छोट्या गाडीच्या भागांवर बेतली गेली. १९७९ मध्ये तिसरी पिढी आली. तिला आजही तिच्या सांगाड्याच्या नावावरून 'फॉक्स' म्हणतात. कोन काढलेला, चौकोनी डॅशबोर्ड, सरळ रेषा. जुन्याची नक्कल तिने केली नाही. त्या काळातला एक सरकारी नियम आमच्या फार आवडीचा आहे. त्या वर्षी अमेरिकेत ठरलं की, स्पीडोमीटरवर ताशी ८५ मैलांच्या पुढचे आकडे छापायचे नाहीत आणि ५५ चा आकडा उठून दिसला पाहिजे, कारण देशभर वेगाची मर्यादा ५५ होती. १९८२ मध्ये नियम मागे घेतला गेला, तरी पुढे काही वर्षं मस्टँगमध्येही ८५ वर थांबणाऱ्या तबकड्या येतच राहिल्या. विचार करा. गाडी ८५ च्या पुढे जाऊ शकते, पण तबकडीला ते कबूल करायची मुभा नाही! तबकडी नुसती मोजत नसते. काय मोजण्याजोगं आहे हे सांगायचा अधिकार कोणाचा, हेही ती सांगत असते.

ऐंशीच्या दशकात फोर्डच्या मनात मस्टँगची जागा माझ्दाच्या सांगाड्यावरची, पुढच्या चाकांना ताकद देणारी गाडी आणायची होती. चाहत्यांनी पत्रांचा पाऊस पाडला. शेवटी ती गाडी 'प्रोब' या वेगळ्या नावाने निघाली आणि मस्टँग वाचली. हा प्रसंग महत्त्वाचा आहे. इथून पुढे कंपनीला कळलं की, या गाडीचा भूतकाळ ही तिची मालमत्ता आहे. १९९४ च्या मस्टँगमध्ये दोन कमानींचा डॅशबोर्ड परतला, तो योगायोग नव्हता.

मग आली नव्वदच्या दशकाच्या अखेरीची मोठी लाट. १९९८ मध्ये फोक्सवॅगनची नवी बीटल आली, डॅशबोर्डवर फुलदाणी घेऊन. २००१ मध्ये नवी मिनी आली, मधोमध ताटाएवढा स्पीडोमीटर घेऊन. फोर्डने २००२ च्या सुमारास जुन्या थंडरबर्डचं पुनरुज्जीवन केलं. फोर्डच्या रचनाविभागाचे प्रमुख होते जे मेज, नव्या बीटलची मूळ कल्पना ज्यांच्याकडून आली त्यांपैकी एक. त्यांच्या कामाला 'रेट्रोफ्युचरिझम' असं नाव मिळालं. भूतकाळाने जे भविष्य पाहिलं होतं, ते पुन्हा पाहायचं, असा त्याचा साधारण भाव.

थंडरबर्डचा धडा मात्र बोलका आहे. बाहेरून १९५५ ची आठवण, आणि आत बसलं की समोर लिंकन एलएस या समकालीन गाडीचा बराचसा उचललेला डॅशबोर्ड. गाडी काही वर्षांतच बंद झाली. कारणं अनेक असतील, किंमत हे त्यातलं मोठं. पण एक भेद तिने उघडा केला. गाडीचं बाहेरचं रूप रस्त्यावरच्या लोकांसाठी असतं. मालकाला ते दिसतं कितीसं? दार उघडेपर्यंत. त्यानंतर तासन् तास तो राहतो तो आतल्या रूपात. भूतकाळ जर फक्त बाहेर चिकटवला असेल, तर तो शेजाऱ्यांना दाखवायचा भूतकाळ झाला.

२००५ च्या मस्टँगने ही चूक टाळली. आतमध्ये दोन भुवया पूर्ण डौलात परत आल्या. दोन मोठ्या खोल तबकड्या, जुन्या वळणाचे आकडे, तीन आऱ्यांचं स्टिअरिंग, हवे असल्यास ॲल्युमिनियमचे पत्रे. १९६७ ची याद पुसटशी नव्हती, ठसठशीत होती. शिवाय एक गंमत : तबकड्यांमागच्या प्रकाशाचा रंग मालकाने स्वतः निवडायचा, शंभराहून अधिक छटांमधून. परीक्षकांनी कठीण, हलक्या प्लास्टिकवर टीका केली. पण लोकांनी गाडी डोक्यावर घेतली. २००५ या एका वर्षात अमेरिकेत दीड लाखांहून अधिक मस्टँग खपल्या.

या गाडीचे मुख्य अभियंता होते हाऊ थाय-टांग. जन्म सायगावचा. युद्धाच्या काळात अमेरिकी सैनिकांच्या करमणुकीसाठी एक मस्टँग तिथे नेली होती. ती त्यांनी लहानपणी पाहिली, असं ते सांगत आले आहेत. पुढे कुटुंब अमेरिकेला गेलं. आता बघा, १९६७ चा डॅशबोर्ड परत आणणाऱ्या चमूच्या प्रमुखाची मस्टँगची पहिली आठवण ना कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याची, ना हायस्कूलच्या पार्किंगची. ती युद्धाने पोळलेल्या शहरातली आहे. जो भूतकाळ त्या डॅशबोर्डवरून गाळला गेला होता, तोच त्याच्या कर्त्याच्या आयुष्यात होता. याहून बोलकं उदाहरण शोधूनही सापडायचं नाही.

इथे जरा थांबून 'नॉस्टॅल्जिया' या शब्दाकडे बघू. आपण त्याला स्मरणरंजन म्हणतो, पण मूळ शब्द रंजनाचा नव्हे, रोगाचा आहे. १६८८ मध्ये बाझेलच्या विद्यापीठात योहान्नेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने तो घडवला. दोन ग्रीक शब्द जोडले : घरी परतणं आणि वेदना. परमुलखात राहणारे स्विस लोक घराच्या ओढीने आजारी पडत, त्या आजाराचं हे नाव. पुढे दुखणं जागेचं न राहता काळाचं झालं. घरी परतता येतं, भूतकाळात परतता येत नाही. म्हणून हा रोग बरा होत नाही, आणि बाजाराला असा बरा न होणारा रोग फार आवडतो.

स्वेतलाना बॉइम या अभ्यासक बाईंनी २००१ मध्ये या स्मरणाचे दोन प्रकार सांगितले. एक पुनर्स्थापक : जे हरवलं ते जसंच्या तसं उभं करू पाहणारा. दुसरा चिंतनशील : हरवलेलं परत येणार नाही हे जाणून त्या अंतरावरच रेंगाळणारा, विचार करणारा. पहिल्याला वाटतं आपण सत्य सांगतो आहोत. दुसऱ्याला ठाऊक असतं की आपण आठवतो आहोत. २००५ चा डॅशबोर्ड बहुतांशी पहिल्या प्रकारचा.

आणि ज्यांना तो भूतकाळ मुळात नव्हताच, त्यांचं काय? २०१५ च्या पिढीत मस्टँग कारखान्यातूनच उजव्या बाजूच्या स्टिअरिंगसह मिळू लागली आणि २०१६ मध्ये ती अधिकृतपणे भारतात आली, साधारण ६५ लाखांना. इथल्या ग्राहकाच्या आजोबांनी १९६७ मध्ये मस्टँग चालवली नव्हती. त्याच्याकडे आहे ती 'बुलिट' सिनेमातल्या पाठलागाची आठवण, किंवा व्हिडिओ गेममधली. मुंबईत जन्मलेले मानवशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी अशा अवस्थेबद्दल लिहिलं आहे : न जगलेल्या काळाची हळहळ. आठवण दुसऱ्याची, हुरहूर आपली. यात हसण्यासारखं काही नाही. आपण सगळेच थोड्याफार प्रमाणात असे जगतो.

आता दुसरी बाजू. 'हे जुनं पुरे झालं, गाडी आजची दिसली पाहिजे', असं म्हणणारे. २०१५ च्या मस्टँगचा आतला भाग विमानाच्या कॉकपिटवरून घेतला. विमानातल्यासारखे खटके आले. स्पीडोमीटरवर वैमानिकांच्या भाषेतला 'ग्राउंड स्पीड' हा शब्द आला. मात्र शेजारच्या सीटपुढे एक पट्टीही लावली, '१९६४ पासून' असं सांगणारी. २०१८ मध्ये काट्यांच्या जागी १२ इंची पडदा घेता येऊ लागला. आणि सप्टेंबर २०२२ मध्ये डेट्रॉइटला जी सातवी पिढी दाखवली, तिच्यात दोन भुवया गेल्याच. चालकापुढे १२.४ इंचांचा पडदा, मध्ये १३.२ इंचांचा, आणि वरच्या प्रकारांत दोन्ही एकाच वाकवलेल्या काचेत. प्रेरणा कशाची सांगितली? लढाऊ विमानाची.

पण लढाऊ विमान ही मोटारीच्या रचनेतली नवी कल्पना आहे का? १९४८ च्या कॅडिलॅकला मागे जे छोटे पंख फुटले ते पी-३८ या युद्धातल्या विमानावरून. पन्नासच्या दशकातल्या अमेरिकी गाड्या तर जेट विमानांचीच नक्कल करत होत्या. म्हणजे 'आधुनिक' म्हणवणाऱ्या कॉकपिटचं मूळ १९६७ च्याही मागे जातं. एक पक्ष १९६७ कडे बघतो, दुसरा १९४८ कडे. दोघांपैकी भविष्याकडे बघणारा कोण, हे तुम्हीच सांगा.

आणि नव्या मस्टँगने आणखी एक करामत केली. त्या पडद्यावर तुम्ही हव्या त्या काळातल्या तबकड्या मागवू शकता. १९६७-६८ च्या हव्यात? घ्या. १९८७ ते ९३ च्या फॉक्सच्या हव्यात? त्याही घ्या, रात्रीच्या त्या हिरवट उजेडासकट. जुनं की नवं, हा वादच मिटवला जणू. भूतकाळ आता मेन्यूकार्डावर आहे.

नक्कल करणं वाईट, असं मात्र आम्ही म्हणणार नाही. त्यासाठी अमेरिकेतून थोडं घराजवळ येऊ. कार्ल्याच्या चैत्यगृहात मान वर करून पाहिलंत? कातळात कोरलेल्या कमानदार छताखाली लाकडाच्या फासळ्या आहेत, सुमारे दोन हजार वर्षांच्या. त्या छताचा भार पेलत नाहीत. डोंगर स्वतःच स्वतःला पेलतो आहे. आधीच्या लाकडी मंडपांची ती आठवण आहे. पुढे अजिंठ्याच्या १९ व्या आणि २६ व्या लेण्यात फासळ्या दगडातच कोरल्या गेल्या. वेरूळच्या १० व्या लेण्याला तर लोक 'सुताराची झोपडी' म्हणू लागले, कारण दगडाचं काम हुबेहूब लाकूडकाम वाटतं. कार्ल्यात निदान लाकूड खरं होतं. वेरूळला लाकडाची फक्त आकृती उरली. आणि तरी वेरूळच्या त्या फासळ्या निरर्थक नाहीत. त्या नजरेला वर नेतात, पुढे स्तूपाकडे नेतात. जुनं काम संपलं, पण त्या रूपाला नवं काम मिळालं.

ही आमची कसोटी. रूप जुनं आहे की नवं, हे विचारू नका. या रूपाला आज काही काम उरलं आहे का, ते विचारा.

ही कसोटी गोल तबकडीला लावू. काट्याची तबकडी वाचावी लागत नाही. काटा कुठे झुकला आहे ते डोळ्याच्या कोपऱ्यातून कळतं. इंजिनाचे फेरे वाढताहेत की उतरताहेत, किती झपाट्याने, हे त्याच्या हालचालीतच दिसतं. आकडा वाचायला क्षणभर का होईना, नजर आणि लक्ष दोन्ही द्यावं लागतं. म्हणजे गोल तबकडीचं काम अजून शिल्लक आहे. पण हे काम पडद्यावर काढलेली तबकडीही करते. तिथे काचेने काही हरवत नाही. पोर्शच्या ९११ ने १९६० च्या दशकापासून पाच गोल तबकड्या जपल्या होत्या. २०२४ च्या सुधारणेत तिथेही संपूर्ण पडदा आला, आणि चाहते हळहळले. त्या हळहळीचा आम्हाला आदर आहे. पण डोळ्याचं नुकसान तिथे मोठं नाही.

नुकसान होतं ते हाताचं. नॉब, खटका, बटण यांना आकार असतो, जागा असते, कडकपणा असतो. महिनाभरात हात त्यांना ओळखतो. डोळे रस्त्यावर ठेवून माणूस काच पुसणारे वायपर लावतो, हवा गार करतो. काचेच्या पडद्यावर हाताला काहीच सापडत नाही. गुळगुळीत. तिथे बोट डोळ्याच्या मागे मागे जातं, आणि डोळा रस्ता सोडतो. स्वीडनच्या 'व्ही बिलेगारे' या मासिकाने २०२२ मध्ये याची चाचणी घेतली. ताशी ११० किलोमीटर वेगाने जाताना हीटर, रेडिओ अशी चार साधी कामं करायची. २००५ च्या बटणवाल्या व्होल्वोत ती १० सेकंदांत झाली. पडदेवाल्या नव्या गाड्यांपैकी सर्वांत संथ गाडीत जवळजवळ ४५ सेकंद लागले. तेवढ्यात ती गाडी १,३०० मीटरहून पुढे गेलेली असते. सव्वा किलोमीटर, मंडळी. म्हणूनच युरोपातल्या एनसीएपी या सुरक्षा-चाचणी संस्थेने ठरवलं आहे की, २०२६ पासून पूर्ण गुण हवे असतील तर दिशादर्शक दिवे, धोक्याचे दिवे, भोंगा, वायपर आणि संकटकाळी मदत मागायची सोय यांना हाताला लागतील अशी खरी बटणं हवीत.

आता वादाचा चेहराच बदलला, नाही का? १९६८ मध्ये नियम आले ते टोकदार खुंट्यांनी माणसं जखमी होत होती म्हणून. आता नियम येताहेत ते खुंट्या अजिबात नाहीशा झाल्या म्हणून. दोन्ही वेळा पणाला लागला होता तो माणसाचा जीव, आवडनिवड नव्हे.

या कसोटीवर मस्टँगच्या पिढ्या ताडून पाहा. २००५ चा डॅशबोर्ड इतिहास म्हणून अर्धा खरा आहे, कारण त्याने १९६७ चं सौंदर्य घेतलं आणि १९६७ वगळलं. पण वापरायची वस्तू म्हणून तो बराचसा खरा आहे. तबकड्या, नॉब, बटणं कामाची होती. २०२२ च्या गाडीतल्या त्या मागवता येणाऱ्या तबकड्या मात्र वेगळ्याच जातीच्या. फॉक्सची तबकडी तिच्या काळात एका देशाच्या वेगाविषयीच्या भीतीची, तेलटंचाईची, कायद्याची खूण होती. आज ती एक रंगसंगती आहे. आवडली नाही तर बोटाने सरकवा. जो भूतकाळ आपल्याला कधीच अडवत नाही, कधीच अडचणीत टाकत नाही, त्याला भूतकाळ म्हणावं का? खरा भूतकाळ चिवट असतो. तो बदलता येत नाही, म्हणून तर त्याच्यापासून शिकता येतं.

'मिलिंदपञ्हा'त नागसेन राजाला विचारतो : रथ म्हणजे नेमकं काय? चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ? यातलं एकेक सुटं काही रथ नव्हे. सगळे भाग एकत्र येतात तेव्हा 'रथ' हे नाव चालतं. मस्टँगचंही तेच. १९६४ चा एकही महत्त्वाचा भाग आजच्या गाडीत नाही. नाव चालतं ते काही खुणांच्या आधारे. मग कोणत्या खुणा जपाव्यात?

आमचं उत्तर काहींना रुक्ष वाटेल. सातव्या पिढीच्या मस्टँगमध्ये आम्हाला वारसा दिसतो तो त्या हिरव्या उजेडात नव्हे. दोन साध्या गोष्टींत दिसतो. एक, सगळं काचेत गेल्यावरही आवाजाचा गोल नॉब तिथे ठेवला आहे. दोन, व्ही-८ इंजिनाच्या जीटीमध्ये हाताने बदलायच्या सहा गिअरचा दांडा अजून मिळतो, पहिल्या मस्टँगसारखाच जमिनीवरून वर आलेला. या दोन्ही वस्तू १९६४ ची आठवण करून द्यायला तिथे नाहीत. त्या तिथे आहेत कारण १९६४ च्या माणसाचा हात आणि आजच्या माणसाचा हात सारखाच आहे.

शहरं बदलतात, कायदे बदलतात, काच येते, लाकूड जातं. हात आणि डोळा फारसे बदलत नाहीत. म्हणून कोणतीही जुनी वस्तू नव्याने घडवताना, मग ती गाडी असो, वाडा असो की एखादी संस्था, तिचा चेहरा वाचला का याआधी एक प्रश्न विचारावा : जुन्या लोकांनी जे काम अनुभवातून नीट जमवलं होतं, ते काम वाचलं का? ते वाचलं असेल तर रूप खुशाल बदला. ते हरवलं असेल, तर कितीही हुबेहूब रूप आणलंत तरी ती सुताराशिवायची झोपडीच.

आपल्या प्रश्नांची वाट पाहतो.